तिन्हीसांजेचं लॉगबुक

"हा मंद होतो म्हणतोस, पण होतो कसा? खाटकन की हळूहळू?"

मारुती मंदिराजवळच्या विनीतच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दत्ताराम आग्रे हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. विनीतने चार फुटांची ती एलईडीची पट्टी काउंटरवर आडवी ठेवली होती. त्याने रिमोटचं बटण दाबून धरलं, तशी ती मिणमिणत्या उजेडापासून डोळे दिपेपर्यंत एकसारखी चढत गेली.

"दहा टक्क्यांपासून शंभरपर्यंत, काका. पांढरा, दुधी, पिवळा, तीन रंग. घरातच लावायचाय ना?"

"घरातच. माणसासाठी हवाय."

विनीत हसला, कारण दिवे कुणी म्हशींसाठी नेत नाहीत. पण दत्ताराम हसला नाही. त्याच्याकडे सोमवार ते शनिवार असे सहाच दिवस होते. रविवारी मुलगा निलेश डोंबिवलीहून गाडी घेऊन येणार होता आणि आईला पनवेलच्या पुढच्या एका वृद्धाश्रमात ठेवणार होता.

निलेशला नावं ठेवायची सोय नव्हती, हेच दत्तारामला जास्त लागत होतं. गंगाला विसर पडायला लागून दोन वर्षं झाली होती. सकाळी ती बरी असायची. भाजी निवडायची, तांदूळ पाखडायची, दारच्या जास्वंदीशी बोलायची. नवऱ्याला मात्र गेल्या चार महिन्यांत तिने नवरा म्हणून हाक मारली नव्हती. घरात एक म्हातारा वावरतो, तो चहा चांगला करतो, एवढीच तिची ओळख. तेही चाललं असतं. पण ऊन उतरून घरात सावल्या लांबायला लागल्या की ती वेगळीच व्हायची. "मना घरी जायचंय, कॉलनीत जायचंय" म्हणत पदर खोचून दाराशी उभी राहायची. कॉलनी म्हणजे पोफळीची. वीजघरातल्या नोकरीपायी तिथे दोघांची तेहतीस वर्षं गेली होती. ती कॉलनी सुटून आता पंधरा वर्षं झाली होती आणि नाचणे रोडचं हे चिऱ्याचं घर दत्तारामने निवृत्तीच्या पैशांतून बांधलं होतं.

गेल्या बुधवारी तो दूध तापवायला आत गेला तेवढ्यात ती निसटली. शेजारच्या वेदिकाला कामावरून परतताना ती एसटी स्टँडवर दिसली. अनवाणी उभी राहून प्रत्येक कंडक्टरला विचारत होती, "पोफळीची गाडी कुटं लागते?" वेदिकाने तिला रिक्षात घालून घरी आणलं. त्याच रात्री निलेशचा फोन आला. तो ओरडला नाही. "बाबा, उद्या ती गाडीखाली आली तर तुम्ही जगाल का?" एवढंच म्हणाला.

उजेडाचं गंगाचे डॉक्टर बोलून गेले होते, तेही जाता जाता. अशा माणसांना उतरता उजेड आणि सावल्या घाबरवतात, संध्याकाळ व्हायच्या आधीच घर उजळून ठेवून बघा, फरक पडला तर पडला. डॉक्टर विसरूनही गेले असतील. दत्तारामने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. ज्याने डोंगराच्या पोटातल्या वीजघरात बसून अर्ध्या महाराष्ट्राला वीज पाठवली, त्याला आपल्या बायकोपुरता उजेड जमवता येऊ नये?

सोमवारी त्याने पट्टी माजघरात माळ्याच्या खाली बसवली, अशी की कुठल्याच कोपऱ्यात सावली राहू नये. मग कपाटातून एक कोरी वही काढली आणि रकाने आखले. वेळ, बाहेरचा उजेड, पट्टीचे टक्के, रंग, शेरा. वीजघरात तो दर तासाला लॉगबुक भरायचा. मशीनवर लोड कसा चढवायचा हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. धक्का बसू द्यायचा नाही, बाहेर काय चाललंय ते बघत इंच इंच वाढवत न्यायचं. तेच त्याने इथे करायचं ठरवलं. बाहेरचा उजेड जेवढा उतरेल तेवढा आतला चढवायचा, म्हणजे संध्याकाळ झाली हे गंगाला कळणारच नाही.

पहिल्या दिवशी पांढरा रंग फारच दवाखान्यासारखा वाटला. मंगळवारी दुधी करून बघितला, तेव्हा तिने दिव्याकडे बघून "पाऊस येणार वाटतं" असं म्हटलं. बुधवारी पिवळा जमला. ऑक्टोबरचे दिवस होते, सव्वासहाला सूर्य बुडायचा. साडेचारला दहा टक्के, पाचला पंचवीस, साडेपाचला पन्नास, असं करत त्याने सव्वासहाला पट्टी शंभरवर नेली आणि खिडक्यांचे पडदे ओढले. बाहेरचा दिवस आत कधी आला ते त्याचं त्यालासुद्धा कळलं नाही. गंगा कोपऱ्यांना घाबरली नाही. भिंतीशी कुणी उभं आहे असं म्हणाली नाही. दत्तारामने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "शांत." आणि खाली ठसठशीत रेघ ओढली.

शाई वाळायच्या आत ती उठली होती.

"अजून दिवा कसा नाय लागला?"

"हा काय लागलाय," दत्तारामने वर बोट दाखवलं.

तिने वर बघितलं. "तो उजेड हाय. दिवा कवा लावणार?"

मग ते सुरू झालं. दिवा लागल्याशिवाय ती जेवेना. पुढच्या दाराला कुलूप होतं, त्याच्याशी ती झटायला लागली. "तिन्हीसांजेला दार लावून कोन बसतं? घरात लक्षुमी यायची कशी?" आठ वाजले, नऊ वाजले. भात गार झाला. ती येरझाऱ्या घालत राहिली. थकून झोपली तेव्हा दत्तारामने वहीतला "शांत" खोडला.

गुरुवारी त्याने पट्टी साडेतीनलाच चढवायला सुरुवात केली. काही उपयोग झाला नाही. देवापुढे निरांजन लावून बघितलं. त्या लख्ख उजेडात त्या वातीकडे तिचं लक्षही गेलं नाही. शुक्रवारी त्याने सगळं ताळतंत्र सोडलं आणि पांढरा शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला. गंगाने डोळ्यांवर हात घेतले आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "दुपार सरत नाय ओ. सरतच नाय. मी कदी घरी जाऊ?"

"हेच घर आहे!" दत्ताराम ओरडला. "हेच घर आहे तुझं, मी बांधलंय, तुझ्यासाठी बांधलंय! अजून काय करू मी?"

ती भिंतीला चिकटली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडला. कुणी बघेल याची लाज वाटण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. उद्या शनिवार, परवा निलेश येईल. रात्री त्याने गंगाची पिशवी भरायला घेतली. तीन लुगडी, फणी, खोबरेल तेल आणि अंगावर घ्यायची मऊ गोधडी. तिला आश्रमात लुगडी नेसवणार कोण, हा प्रश्न मनात आला तेव्हा त्याने पिशवी पलंगाखाली सरकवून दिली.

शनिवारी तो वही घेऊन बसला ती केवळ सवयीने. पट्टी शंभरवर होती. सहा वाजता समुद्राकडून ढग आले, गडगडलं आणि लाईट गेली. पडदे ओढलेले, त्यात बाहेर ढगाळलेलं. माजघरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. आता ही किंचाळणार, धावणार, कशाला तरी धडकणार. चाचपडत त्याने तिचा हात धरला.

ती किंचाळली नाही. "झाली तिन्हीसांज," एवढंच म्हणाली, आणि गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदा तिचा हात त्याच्या हातात सैल पडला.

दहा मिनिटांनी लाईट आली. पट्टीला आधीचं चढणं-उतरणं काही आठवत नसावं, ती एकदम भरल्या उजेडाने लागली. गंगा उठून उभी राहिली. तिने दिव्याला हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, जोडलेले हात कपाळाला लावले. मग पदर सारखा केला.

"दार उघडा," ती म्हणाली. "दिवा लागला. आता हे येतील पावरहौसातून."

दत्ताराम हातात वही घेऊन तसाच उभा राहिला. तेहतीस वर्षं वीजघराची बस त्याला कॉलनीत साडेसहाला सोडायची. तो पोहोचायचा तेव्हा दिवा लागलेला असायचा आणि दार उघडं असायचं. तो दिवा लागताना त्याने कधी बघितलाच नव्हता. डोंगराच्या पोटात ना दिवस ना रात्र, तिथे दिवे कुणी लावत नाही आणि मालवतही नाही. त्याने घरातसुद्धा तेच आणून ठेवलं होतं. शहाण्या माणसाने सहा दिवस खपून बायकोची तिन्हीसांज पुसून टाकली होती आणि ती बिचारी तिची वाट बघत उपाशी बसली होती.

त्याने कुलूप काढलं. ती पळाली तर अंधारातून तिच्यामागे धावायचं, एवढं त्याने मनाशी ठरवून ठेवलं. पण ती पडवीत उंबऱ्याशी आतल्या अंगाला बसली आणि फाटकाकडे बघत राहिली. तिला घरी जायचं नव्हतंच मुळी. कुणीतरी घरी यायला हवं होतं.

दत्ताराम स्वयंपाकघरात गेला. वीजघरात न्यायचा जुना तीन पुडांचा डबा फडताळातून काढला, मागीलदाराने बाहेर पडला आणि घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, चोरासारखा.

"आलाव?" गंगा उठली. "आज उशीर झाला. पाय धुवून घ्या."

तिने रिकामा डबा त्याच्या हातातून घेतला आणि पोटभर जेवली.

रविवारी निलेश चार वाजता आला. प्रवासाने शिणला होता, आणि आईने "कोन हवं?" म्हणून विचारल्यावर आणखीच शिणला. आश्रमाचा फॉर्म त्याने टेबलावर ठेवला. "बाबा, रात्री आठच्या आत पोहोचवायचं असतं तिथे. पण आता रात्रच होईल, उद्या सकाळी निघू."

"संध्याकाळ होऊ दे," दत्ताराम म्हणाला. "तेवढी बघ, मग तुला काय करायचं ते कर. मी आडवा येणार नाही."

निलेशने वही चाळली. रकाने, टक्के, खाडाखोड, शेवटच्या पानावर एकच शेरा, "जेवली." त्याने वही मिटली आणि फॉर्मशेजारी ठेवली.

त्या दिवशी दत्तारामने पडदे उघडे ठेवले. घर हळूहळू अंधारू दिलं. गंगाची चुळबुळ सुरू झाली, ती कोपऱ्याकडे बघून पुटपुटायला लागली, तरी त्याने रिमोटला हात लावला नाही. तिच्याशेजारी बसून राहिला. सूर्य बुडाला तसं त्याने बटण दाबलं, एकदम, पूर्ण. तिने हात जोडले. दार उघडायला सांगितलं. दत्तारामने दार उघडलं, निलेश कुठे आहे हे न बघताच डबा घेऊन मागीलदाराने निघाला.

निलेश अंगणात फोनवर बोलत होता. गाडीतून काढलेली ऑफिसची बॅग खांद्याला, पायात बूट. बोलणं संपवून तो पायऱ्या चढला, आणि दत्ताराम घराला वळसा घालून आला तेव्हा गंगा उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे, निलेशकडे, बघून हसत होती.

"आलाव? दमलाव ना?"

निलेश बेचाळीस वर्षांचा, बापासारखाच उंच, बापासारखाच एका खांद्याने जरा झुकलेला. दत्ताराम हातात डबा घेऊन अंगणातच थांबला. रागवायचं तरी कुणावर? ती चुकली नव्हती. तिचा नवरा असाच दिसायचा.

गंगाची नजर त्याच्याकडे गेली. तिने आवाज खाली आणला, पण अंगणात ऐकू जायचं ते गेलंच.

"अवो, ते म्हातारे बाबा बगा. कोनाचे कोन, पन रोज येऊन दिवा लावून जातात. लय भलं मानूस हाय. त्यांना कुटं पाटवू नका. ते गेले तर दिवा कोन लावनार? मना काय ह्या अंधारात एकटीला ऱ्हावत नाय."

निलेशने बापाकडे बघितलं. मग त्याने बॅग खाली ठेवली, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि वीस वर्षांपूर्वी डोंबिवलीत सोडून दिलेल्या बोलीत म्हणाला, "नाय पाटवत गो. कुनालाच नाय पाटवत."

जेवताना फॉर्म टेबलावर होता. गंगाने त्यावर गरम भाताचं पातेलं ठेवलं. तिने तीन ताटं घेतली, पहिलं पाहुण्याचं वाढलं. दत्ताराम खाली मान घालून बसला होता. ताटातला भात बोटांनी नुसता चिवडत होता. तिने ते बघितलं आणि आणखी एक वाढणी भात घातला, वर आमटी ओतली.

"लाजू नका, बाबा," ती म्हणाली. "आपलंच घर समजा."

"व्हय," दत्ताराम म्हणाला, आणि जेवायला लागला.