नवऱ्याआधी जेवलेली मनकर्णा

मनकर्णाच्या छातीत जळजळ व्हायची आणि औषधं मात्र कारखान्याच्या वसाहतीतल्या अख्ख्या सेक्टरला पाठ होती. शेजारच्या अंजनाबाईंनी ओवा आणि काळं मीठ चघळायला दिलं. कोणी थंड दूध सांगितलं, कोणी भिजवलेल्या धन्याचं पाणी, कोणी जेवणावर चिमूटभर बडीशेप. बांधकामावर मजुरी करणारी एक छत्तीसगढी रेजा म्हणाली, सकाळी बासी खा, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर दही. मनकर्णाची सासू ठकूबाई कडाडल्या, "माह्या घरची सून शिळं खाईन?" मनकर्णाने तेही खाल्लं. घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा आंबट पाणी घशाशी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या तेव्हा नुकत्याच पेटल्या होत्या. मनकर्णाचा नवरा पंजाबराव क्रेन चालवायचा. माणसं वर्ध्याकडची, आमच्यासारखीच. गावाकडे दिवेलागणीला पुरुष जेवायचे आणि पाठोपाठ बायका. नवऱ्याआधी बाईने घास घ्यायचा नाही, हा नेम आम्ही सगळ्यांनी गाठोड्यात बांधून इथे आणला. नेमाला दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट ठाऊक नव्हती. दुपारी जाऊन रात्री दहाला सुटणारा बी शिफ्टचा माणूस सायकल हाणत घरी पोचायचा तेव्हा सारा सेक्टर झोपलेला असायचा. मग मनकर्णा उपाशी पोटावर ठेचा-भाकर खायची, भांडी घासायची आणि लगेच आडवी व्हायची. मीही तेव्हा त्याच रांगेतली नवी सून होते, मीही तेच करायचे.

एकदा नळावर अंजनाबाईंनी फिरकी घेतली. "पंजाबराव बी शिफ्टले गेले का हिची छाती जळते. विरह हाय वो, विरह!"

आम्ही हसलो. मनकर्णाने बादली खाली ठेवली. "खरंच वो. त्याच हप्त्यात जळते. बाकी हप्त्यात मी येळेवर जेवतो."

त्या संध्याकाळी नवरा कामावर असतानाच तिने ताट वाढून घेतलं, अंगणात बसून जेवली आणि क्वार्टरांच्या रांगेपुढून फेऱ्या मारल्या. तिला शांत झोप लागली.

ठकूबाईंनी डोकं धरलं. नवऱ्याआधी जेवणारी बाई नवऱ्याचं आयुष्य खाते, असं त्या मला ऐकवून गेल्या. आणि नशीबही असं वैऱ्यासारखं, की त्याच हप्त्यात पंजाबराव खड्ड्यात सायकल घालून पडला आणि हात मोडून बसला. झालं! बाई जेवली आणि नवरा पडला. मला अजून संताप येतो. खड्डा काय मनकर्णाच्या भाकरीने खणला होता?

"सायकलले दिवा नव्हता," मनकर्णा सगळ्यांना सांगायची. कोणी ऐकलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंजनाबाईंनी तिला वगळलं. पंजाबराव भला माणूस, पण आईपुढे त्याच्या तोंडाला कुलूप.

हात बरा झाला आणि तो पुन्हा बी शिफ्टला निघाला. ठकूबाईंनी मला साक्षीला बोलावून घेतलं आणि चुलीपुढे ठाण मांडलं.

"आज जेवली तर पाह्य मंग."

"जेवतो, आत्याबाई."

"पोराचा जीव घेतं का वो?"

"त्यायचा जीव माह्या पोटात नाही. माह्या पोटात आग हाय."

"आग!" ठकूबाई फाटक्या आवाजात ओरडल्या. "मले नव्हती का? वावरातून माहे मालक कवाबी येत. मी उपाशी बसो. जिंदगीभर जळली मी. अजूनबी जळते. बोलली का कोणाले?"

मनकर्णा सासूपुढे खाली बसली. मला वाटलं, हरली. तिने सासूच्या बाजूने हात घालून टोपलीतल्या भाकरी काढल्या आणि दोन ताटं वाढली.

"तुमी नाही बोलल्या, आत्याबाई, म्हणून मले बोला लागून राहिलं. जेवा."

ठकूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग ताट जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "दार लाव वो. लोकं पाह्यतीन."

मनकर्णाने भाकरीचा तुकडा मोडला आणि अंजनाबाईंच्या क्वार्टरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दार उघडंच राहीन."