पाचवी तार आणि नानामामांची पारख

गेल्या बावीस वर्षांत मला बेस गिटार वाजवताना ऐकलं असं म्हणणारा एकही माणूस मला नाशकात भेटलेला नाही. बघितलं म्हणणारे पुष्कळ आहेत. "ते ड्रमच्या बाजूला पट्टा अडकवून उभे असतात, ते तुम्हीच ना?" असं परवाच सिडकोतल्या आमच्या किराणावाल्याने विचारलं. (हो, तोच मी.) दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचं आणि लग्नं, गणपती, नवरात्र आली की ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभं राहायचं, हे माझं आयुष्य. त्यातलं स्टोअर वडिलांनी लावून दिलं, बायको आत्याने बघून दिली. ड्रमशेजारची ती अडीच फूट जागा तेवढी माझी मी मिळवलेली आहे!

तर त्या जागेवरच गदा आली. आमचा ऑर्केस्ट्रा चालवणारा शिरीष एके दिवशी तालमीनंतर म्हणाला, "सुधीर, हल्ली सगळ्या गाण्यांना खाली खर्ज लागतो. तुझ्या चार तारा तिथवर पोचतच नाहीत. नवरात्राच्या आत पाच तारांची बेस गिटार आण."

"आणि नाही जमलं तर?"

"कीबोर्डवाला म्हणतोय, बेस तो डाव्या हाताने वाजवेल. त्याचा तो हात तसाही रिकामाच असतो."

बावीस वर्षं खस्ता खाऊन शेवटी माझ्या जागी कोण? तर कुणाचा तरी रिकामा डावा हात! मी घरी येऊन जेवलोच नाही. बायकोला, वैशालीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पाच कशाला हव्यात? आहेत त्या चार तरी कुठे सगळ्या वाजवता?"

नवी घेणं आवाक्याबाहेरचं होतं. मोबाईलवर शोधता शोधता देवळ्याच्या आहेर सरांची जाहिरात सापडली. निवृत्त शिक्षक, एकहाती वापरलेली पाच तारांची बेस गिटार. मी फोन केला तर सर म्हणाले, "माझी अट एकच. वाजवणाऱ्या माणसाला देणार. तुम्ही चांगलं वाजवत असाल तर भावाचं आपण समजून घेऊ." मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं! आणि तिथेच वैशालीने घात केला. तिने नानामामांना फोन लावला.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लासलगावला कांद्याच्या लिलावात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. आमच्या घराण्यात कुठलीही जुनी वस्तू नानामामांनी बघितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नाही. मोटारसायकल, घरघंटी, शिलाई मशीन, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. (माझ्या सासऱ्यांनी कवळी करून घेतली तेव्हाही ते नानामामांना दवाखान्यात घेऊन गेले होते. कवळी नवी होती, तरीसुद्धा.) रविवारी लिलाव बंद, मामा मोकळे. त्यांना लासलगावहून गाडीत घेतलं आणि चांदवडमार्गे देवळ्याला निघालो.

"हे बघ भाच्या," मामांनी गाडीतच शाळा सुरू केली, "मालाचं कौतुक करायचं नाय. तोंड असं ठेवायचं." आणि त्यांनी तोंड करून दाखवलं. घरात मयत झाल्याशिवाय साध्या माणसाला असं तोंड जमत नाही! "मी खाकरलो की तू तोंड पाडायचं. समजलं?"

"पण मामा, मला तिथे वाजवून दाखवावं लागणार."

"मग वाजव ना. पण वाईट वाजव! तू चांगलं वाजवलं तर तो म्हणणार, बघा, माल कसा बोलतोय. वाईट वाजलं तर खोट मालातच हाय ना?"

मी एम. कॉम. आहे. तरीही हे मला त्या वेळी पटलं.

आहेर सरांनी कपाटातून गिटार काढली. जुन्या सुती साडीत, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी गुंडाळलेली. त्यांनी ती मांडीवर घेतली, कोपऱ्यातल्या स्पीकरला जोडली आणि पाचवी, सगळ्यात जाड तार हलकेच छेडली. अहाहा! तो आवाज कानात आलाच नाही, थेट पोटात शिरला. शोकेसमधल्या काचा थरथरल्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मामा खाकरले.

"खोकला झालाय का?" सर काळजीने म्हणाले आणि आत आवाज दिला, "अगं, यांच्या चहात आलं टाक जरा."

मी डोळे पुसून तोंड पाडलं. मामांनी गिटार हातात घेतली. उचलून वजन बघितलं, मागून टकटक वाजवलं, आणि (मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं) चक्क वास घेतला. मग ते बोलले, "मान लय जाड हाय."

"पाच तारांची आहे ना, म्हणून रुंद आहे," सर म्हणाले.

"जाड मानेचा माल टिकत नाय."

"अहो, वीस वर्षं टिकलीय माझ्याकडे!"

"तेच म्हणतोय मी. जुना माल हाय."

सर कसनुसे हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही वाजवा हो. ऐकू द्या."

मी गिटार मांडीवर घेतली. देवाशपथ सांगतो, इतकी सुंदर वस्तू माझ्या मांडीवर त्याआधी कधी आली नव्हती! पण मामा खाकरले. मग मी सुरुवात केली. ताल सोडला, सूर सोडला, तारा नीट दाबल्याच नाहीत. पाचव्या तारेवर तर असा अंगठा आपटला की चालू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखा आवाज आला. मामा आनंदाने तीनदा खाकरले. आतून काकू आल्याचा चहा आणि वर ज्येष्ठमधाची काडी घेऊन बाहेर आल्या.

सरांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी माझ्या हातातून गिटार काढून घेतली आणि साडीत गुंडाळायला लागले. "राहू द्या. मला नाही द्यायची."

"ऊठ," मामा माझ्या कानात कुजबुजले. "आता निघायचं नाटक. दारापर्यंत गेलं की मागनं हाक येतेच."

आम्ही उठलो. दाराशी मामांनी एक चप्पल घालायला पाच मिनिटं लावली. दुसरी घातली, काढली, झटकली, पुन्हा घातली. मागून हाक आली नाही. आम्ही फाटकापर्यंत गेलो. तेव्हा कुठे मागून आवाज आला. कडी लावल्याचा!

"मामा, आता काय?"

"शेतकरी असता तर आतापर्यंत पळत आला असता," मामा म्हणाले. "मास्तर लोकांचं काय खरं नसतं." आणि ते गाडीत जाऊन बसले.

माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा डावा हात नाचायला लागला. गेली, माझी अडीच फूट जागा गेली! मी पळत मागे गेलो, दार वाजवलं आणि सरांपुढे भडाभडा सगळं ओकलो. मामा, खाकरणं, पाडलेलं तोंड, मुद्दाम वाईट वाजवणं, सगळं. "सर, मला ही नाही मिळाली तर मला ऑर्केस्ट्रातून काढून टाकतील हो! तेवढं एकच आहे माझ्याकडे. एकदा खरं वाजवू द्या."

सर विरघळले. भला माणूस. त्यांनी पुन्हा साडी सोडली. मी डोळे मिटले आणि वाजवायला लागलो. बावीस वर्षांत जेवढं शिकलो तेवढं सगळं त्या दहा मिनिटांत ओतलं. मान डोलत होती, पाय ठेका धरत होता, शेवटी शेवटी तर मलाच भरून आलं. इतकं मनापासून मी माझ्या लग्नातसुद्धा काही केलेलं नाही.

वाजवून झालं. काकू दारात उभ्या होत्या. मामा मागोमाग येऊन उभे होते, ते खाकरलेसुद्धा नाहीत.

सरांनी चष्मा काढून पुसला. "एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा ना सर."

"यातलं मुद्दाम वाईट वाजवलेलं कुठलं?"

"पहिलं, सर."

"अस्सं," सर म्हणाले.

"मला तर बाई पहिलंच बरं वाटलं," काकू म्हणाल्या.

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ऑर्केस्ट्रात किती वर्षं आहात?"

"बावीस."

"बावीस!" असं ते दोनदा म्हणाले आणि त्यांनी शिरीषचा नंबर मागितला. मला वाटलं, गिटार द्यायच्या आधी माझी चौकशी करणार असतील. मी उत्साहाने नंबर दिला, वर शिरीषचा पत्ताही दिला. "दोन दिवसांत कळवतो," असं म्हणून सरांनी आम्हाला निरोप दिला. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "बघितलं? नरमला गडी."

दोन दिवसांनी फोन आला तो शिरीषचा.

यंदाच्या नवरात्रात ड्रमशेजारी आहेर सर उभे होते. त्यांनी पाचवी तार छेडली की मांडवातली माणसं माना वळवून बघायची. मलाही शिरीषने अगदीच काढलं नाही. त्याने माझ्या हातात खुळखुळा दिला. (वैशाली म्हणते, हा शोभतो तुम्हाला, आणि याला तारा नसतात.)

दसऱ्याला संध्याकाळी आहेर सर सोनं द्यायला घरी आले. सोबत पेढ्यांचा पुडा. मी नको नको म्हणत होतो तरी त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सुधीरराव, तुमचे उपकार कसे फेडू? साठी उलटली, आता आपल्याला कोण ऑर्केस्ट्रात उभं करतंय, असं वाटून मी गिटार विकायला काढली होती हो. तुमचं वाजवणं ऐकलं आणि हिंमत आली."

"माझं ऐकून?" माझी छाती जरा फुगली. "कुठलं? पहिलं का?"

"छे छे, दुसरं! ते मनापासून वाजवलेलं. ते ऐकलं आणि म्हटलं, या माणसाला बावीस वर्षं ठेवून घेतलंय, मग मला काय हाकलणार आहेत?"