भाकऱ्या करणारी बाई

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी दहावी पास झाले आणि त्याच महिन्यात आई नळावर घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. उधन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आई वीशी चालवायची, म्हणजे खानावळ. खानदेशातून एकटे आलेले, मागावर काम करणारे बावीस जण आमच्याकडे दोन्ही वेळा जेवत. आईचा हात गेला तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही. परात माझ्यापुढे सरकली, एवढंच.

मला स्वयंपाकाचा मनापासून तिटकारा होता. स्टोव्हच्या आवाजाने डोकं उठायचं, रॉकेलचा वास केसांतून जायचा नाही. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. सुरुवातीच्या माझ्या भाकऱ्या काठाला चिरायच्या. आई मागे बसून नुसतं बोलायची, पाणी कमी पडलं, हात जड पडतोय. मी मुद्दाम आणखी जोरात थापायची. पण हात मेला माझं ऐकेना. महिन्याभरात तो आपोआप वळायला लागला आणि कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, तव्यावर टम्म फुगायला लागली. मला त्याचा रागच आला.

अकरावीच्या फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत होती. मी वडिलांच्या मागे लागले. ते स्वतः मागावर बारा तास उभे राहायचे, त्यांच्याशी वाद घालणं अवघड. शेवटी कंटाळून म्हणाले, भाकऱ्या करणारी बाई आण, मग जा शाळेत.

बाई मी दोन दिवसांत शोधली. पलीकडच्या गल्लीतली गुजराती विधवा, कामसू, बोलायला गोड. आमच्या घरात गुजराती नीट येतं ते फक्त मला, याचा मला कोण गर्व. मी ऐटीत तिच्याच भाषेत विचारलं, भाखरी आवडे छे? म्हणजे करता येते का. ती हसून म्हणाली, त्यात काय न येण्यासारखं. मी घरी जाऊन जाहीर केलं आणि त्या दिवशी दप्तर झटकून खुंटीला लावलं.

शनिवारी ती आली. मी तिला सामान दाखवलं आणि पाणी भरायला गेले. परत येते तर तिने चपात्यांसाठी ठेवलेलं गव्हाचं पीठ काढून, त्यात तेल घालून, जाड जाड भाखऱ्या कडक भाजून त्यांची चळत लावलेली. सुंदर होत्या. पण त्या त्यांच्या भाखऱ्या होत्या. आमच्याकडची माणसं हात धुऊन बसलीच होती. एकाने तुकडा मोडला, रश्शात बुडवला. तो भिजेना.

"हाई काय शे? बिस्किट शे का?" तो म्हणाला आणि सगळे हसत सुटले.

बाई पदराचं टोक चुरगाळत उभी राहिली. मला तिची दया आली, त्यांचा संताप आला. मी परात ओढली आणि बसले. ज्वारीचं पीठ, कढत पाणी. किती भाकऱ्या थापल्या मोजल्या नाहीत. कोणी हसायचं थांबलं, कोणी मागायला लागलं, आणि मी मान वर न करता थापत राहिले. खरं सांगते, मला मजा येत होती.

जेवणं उरकल्यावर मी बाईला सोडायला गल्लीच्या तोंडाशी गेले. तिने माझा हात धरला.

"रोटला कहेवुं हतुं ने, बेन. ए तो हुं रोज बनावुं छुं."

आमच्या भाकरीला ती रोटला म्हणत होती, आणि रोटला ती रोज करत होती. एका शब्दाने मी माझी शाळा घालवली होती. पण सोमवार अजून यायचा होता. मी धावत घरी आले आणि वडिलांना सगळं सांगितलं: चूक माझी आहे, बाईला येतं, तिला उद्या पुन्हा बोलवू. त्यांनी शांतपणे ऐकलं. माझ्यावर ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडले तरी असते.

"तिले येत व्हई," ते म्हणाले. "पन तुन्हा हातनी चव येवाव नही. आज सगळा तेच बोलनात."

वडिलांनी तोवर माझं कधी कौतुक केलं नव्हतं. मला मूठभर मांस चढलं, आणि हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. सोमवारी दुपारी वडील कामावर होते, आई झोपली होती, दार उघडं होतं. शाळा पाच मिनिटांवर. तव्यावर भाकरी होती, ती करपू नये म्हणून मी उठले नाही.