चांदीच्या फाटकाबाहेर

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी सहाला वहीतली यादी शेवटची तपासली. पाणी, जास्तीचे कपडे, नवे गमबूट (न वापरलेले, वेगळ्या पिशवीत), गयाबाईसाठी साडी. खाली कामं दोनच लिहिली होती : चांदीला पाहणे, आणि तिच्या पिल्लांतून दोन माद्या निवडणे.

चांदी ही डुकरीण. लातूरजवळच्या आमच्या गावात बारा वर्षं माझं डुक्करपालन होतं. मग आफ्रिकन स्वाइन फीवर आला. माणसाला तो होत नाही, पण डुकराला त्यावर औषध नाही. आजारी तर गेलीच, धडधाकटही मारून चुना टाकून पुरावी लागली. त्याच्या थोडंच आधी माझा जुना गडी मारोती आपल्या गावी, इस्लापूरला, परतला होता आणि जाताना मी त्याला एक पांढरं पिल्लू दिलं होतं, तीच चांदी. माझ्या वाणातलं तेवढंच उरलं. शेड दोन वर्षं रिकामी आहे. सकाळी बादली वाजली की पन्नास तोंडांतून जो गोंगाट उठायचा, त्या वेळेला मी अजून चहा ओतते आणि थांबते.

लोह्याला बस पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाले, "अर्धा घंटा लागंल, नाष्टा करून घ्या." समोरच्या हॉटेलात सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) मागवली. गरम होती, वर शेंगदाणे भरपूर. दुसऱ्या घासाला मागच्या बाजूने तो आवाज आला. ताटली तशीच ठेवून गेले.

फळ्यांच्या कुंपणात चार डुकरं, पुढ्यात आदल्या दिवशीचं खरकटं. मी आत शिरून एकीच्या कानामागे खाजवलं. तिने सगळा भार माझ्या गुडघ्यावर टाकला. दोन वर्षांनी ते वजन अंगावर आलं आणि मला हलवेना.

हॉटेलवाले हसत आले. "बाई, डुकराची किळस न्हाई येत?"

"माणसांची येते कधीकधी. ती कोपऱ्यातली का निजलीय?"

"कालपासून खाईना. गर्मी हाय, दुसरं काय?"

तिचे कान जांभळट पडले होते, त्याच रोगाची खूण. मी हात काढून घेतला. त्यांना सांगितलं : हिला वेगळी करा, एकही डुक्कर विकू नका, कापू नका, उकळल्याशिवाय खरकटं घालू नका, आणि सरकारी दवाखान्यात आत्ता माझ्यासमोर फोन लावा.

"लई घाबरवता राव तुम्ही," म्हणत त्यांनी फोन लावला. माझा नंबरही लिहून घेतला.

नांदेडला बस बदलली. भोकरच्या पुढे कापूस आणि सोयाबीन मागे पडत गेलं, सागाची झाडं आणि टेकड्या सुरू झाल्या. मी खिडकीतून फार पाहिलं नाही. डोक्यात यादी चालू होती : हात साबणाने धुतलेत, अंगावरची साडी बदलता येईल, गमबूट नवे आहेत. वहीत मी प्रत्येक थांबा वेळेसकट लिहिते. लोहा लिहिलं नव्हतं.

इस्लापूरच्या थांब्यावरून मारोतीचं शेत वीस मिनिटांच्या चालीवर. फाटकावर पाटी दिसली आणि अक्षर ओळखलं. माझंच. 'दुसरीकडची डुकरे पाहून आलेल्याने दोन दिवस आत येऊ नये.' एका ओळखीच्या व्यापाऱ्याला मी चहा पाजून, कौतुकाने शेड दाखवायला आत नेलं होतं. रोग त्याच्या चपलांवरूनच आला असावा. पाटी मी त्यानंतर रंगवली, आणि लावायला माझ्याकडे डुक्कर उरलं नाही म्हणून मारोतीकडे पाठवली.

मारोती आतून आला, पण फाटक उघडलं नाही. "या बाई. रस्त्यात कुठं डुकरं पाह्यली का?"

त्याने सगळ्यांनाच विचारावं हे मीच शिकवलं होतं. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. आतून चुळबुळ ऐकू येत होती.

"लोह्याला," मी म्हणाले. "हात लावला. त्यातली एक आजारी होती."

मी पिशवी उचलून दाखवली. "गमबूट नवे आहेत, मारोती."

"बूट नवे हायत बाई, पण तुम्ही त्याच हाव ना!" त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "दोन दिवस ऱ्हावा की इथं. मंग या."

"ते दोन दिवस धडधाकट डुकरं पाहून आलेल्याला. त्या आजारी डुकरिणीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत मी नको."

मारोतीच्या बायकोने, गयाबाईने, चहा आणला, तोही फाटकापासून दहा पावलांवर दगडावर ठेवून ती मागे सरली. "बाई, पिल्लं हिकडं आणून दावू का? येकदा बघा तरी."

"बाहेर आणलेलं पिल्लू परत आत नेता येत नाही. साडीही नेत नाही आत, पुढच्या वेळी देईन. आणि तो कप माझ्याबरोबरच जाईल."

"कपाला बी बिमारी?" ती हसली, मग डोळे पुसले.

मारोती आत गेला आणि बादली वाजवली. तीन ठोके, माझ्या पद्धतीने. सगळा गोंगाट एकदम उठला. अंगणात पांढरी, लांबलचक चांदी आली, मागे नऊ पिल्लं. मी हाक मारली. तिने कान उभारून एकदा पाहिलं आणि तोंड द्रोणीत घातलं. मान वर केलीच नाही. डुक्कर नीट खातंय, ही तब्येतीची पहिली खूण. मी द्रोणी रिकामी होईपर्यंत उभी राहिले.

"त्या दोन माद्या डाव्या बाजूच्या," मारोती ओरडला. "तुमच्याच. दुसऱ्या कोणाला देत न्हाई."

मुक्काम न करता परतले. दोन दिवसांनी लोह्याहून हॉटेलवाल्यांचा फोन आला : ती डुकरीण मेली, नमुने तपासायला गेलेत, बाकीची तीन बंद ठेवलीत. "बाई, तुम्ही पाह्यलं म्हणून..."

मी वही काढली. प्रवासाच्या पानावर, दोन थांब्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, लोहा आणि वेळ लिहिली. चांदीपुढे बरोबरची खूण केली, 'बाहेरून' असं लिहून. दुसरं काम नव्या पानावर उतरवलं. मग शेड उघडून झाडली आणि कोरे गमबूट दाराशी ठेवले, टोकं आतल्या बाजूला करून.