उजव्या पायानं लंगडणारी म्हातारी

नात नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते आणि मी तिच्यासोबत राहते. लोकांना सांगताना मी तिची काळजी घेते असं सांगते, खरं तर सकाळचा चहासुद्धा तीच करून देते. यंदा तिचं शेवटचं वर्ष. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मिळून एक गेम तयार करायचा होता. सरांनी अट घातली होती की गेममधली माणसं इंटरनेटवरून उचललेली चालणार नाहीत, स्वतः घडवलेली पाहिजेत. पोरींनी आठ-दहा दिवस चित्रं काढली. तलवारवाली मुलगी, शिंगं असलेला राक्षस, असलं काहीबाही. सर म्हणाले, हे सगळं आधी पाहिलंय, घरी जा आणि नवं आणा.

मग नात माझ्यापुढं येऊन बसली. म्हणाली, "आज्जी, तुझ्याकडं माणसं लई हायेत. दोन-चार दे की."

मला बोल म्हणून सांगावं लागत नाही, गप बस म्हणून सांगावं लागतं. मी पोरींना येळवशीचं सांगितलं. आमच्या औशाकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप उभी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि घरची सून ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबिलाचं मडकं डोक्यावरून शेतात नेते. ते वाटेत सांडू द्यायचं नाही. पोरींचे डोळे चमकले. हाच गेम, म्हणाल्या. मडकं घेऊन एक मुलगी निघणार, वाटेत कुत्री, काटे, उधळलेली वासरं, आणि तिनं न सांडता शेत गाठायचं. आणि वाटेत अडवणारं माणूस कोण?

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, माझी थोरली जाऊ घ्या.

थोरली आता सत्तरीच्या पुढं आहे. औशाला असते. पदराचं टोक दातांत धरून बोलायची तिची सवय, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून कुणाची गं तू, कुठं चाललीस, जेवलीस का, विचारायची सवय, सगळं मी हुबेहूब करून दाखवलं. पोरी हसल्या की मला आणखी सुचायचं. शेवटी उठले आणि तिच्यासारखी लंगडत हॉलभर चालले, एक पाय फरशीवर ओढत. एकीनं मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. दुसरीनं माझ्या चपलेच्या फरफटीचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला, म्हणाली हा आवाज म्हातारी यायच्या आधीच ऐकू आला पाहिजे, म्हणजे खेळणाऱ्याला हसू येईल.

पोरी गेल्या. मी चपला काढून कोपऱ्यात ठेवायला वाकले आणि तशीच तिथं बसले. कारण ते लंगडणं थोरलीचं असलं तरी ते तिला दिलं होतं मीच.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या येळवशीला मडकं न्यायची पाळी माझी होती. माहेरहून नवी अंजिरी साडी आली होती, तिच्यावर आंबील सांडेल, डाग पडतील, म्हणून मी सकाळीच कपाळ धरून बसले. दुखत काहीच नव्हतं. थोरलीनं एक शब्द विचारला नाही. आंबिलाचं मडकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीचं, टोपलं काखेत घेतलं आणि निघाली. मी मागनं बैलगाडीत बसून गेले. वाटेत बांध उतरताना तिचा पाय घसरला. मडकं मात्र तिनं फुटू दिलं नाही. सगळे तेवढंच बोलत राहिले, बाईनं मडकं सांभाळलं म्हणून. घोट्याचं हाड मोडलं होतं. ते गावातल्याच माणसानं बसवलं आणि वाकडं बसलं. डोकं दुखण्याचं ते सोंग होतं हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही.

आणि आता हसण्यासाठी ते पोरींना देऊन बसले होते.

नातीला म्हटलं, म्हातारी काढून टाक, दुसरी कुणीतरी देते. ती म्हणाली, सरांना तीच सगळ्यात जास्त आवडली. शिवाय यंदाच्या येळवशीला लॅपटॉप घेऊन जाऊ, मोठ्या आज्जीला दाखवू. शेतात धूळ असते म्हटलं, चार्जिंग नसतं म्हटलं. पोरीनं ऐकलं नाही. नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, एसटीत तो लॅपटॉप तिनं मांडीवर धरला होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

जेवणं झाली. माणसं शेताच्या कडेनं आंबील शिंपडायला गेली. खोपीजवळ थोरली पाय लांब करून बसली होती, मी तिच्या बाजूला. नातीनं लॅपटॉप पुढं ठेवला. आधी फरफटीचा आवाज आला, मग म्हातारी आली. दातांत पदर, कंबरेवर हात. मुलीला अडवून ती विचारत होती, जेवलीस का?

थोरलीनं स्वतःच्या तोंडातला पदर हळूच काढला.

"मी इतकी वाकडी चालते व्हय गं?"

नात हसली. थोरली आणखी पुढं वाकून बघायला लागली.

"पोरी, पाय चुकलाय. माझा डावा हाय. हिचा उजवा लंगडायलाय."

"आज्जीनं करून दाखवलं तसं केलं मी," नात म्हणाली.

मी थोरलीच्या पायाकडे बघितलं. डावा घोटा. इतक्या वर्षांत मी त्या पायाकडे नीट बघितलंच नव्हतं. ती चालायला लागली की माझी नजर आपोआप दुसरीकडे जायची.

"तुझ्या आज्जीला कुठनं ठाव असणार," थोरली म्हणाली. "त्या दिशी तिचं डोकं दुखत हुतं."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला विचारावंच लागलं, बाई, तुम्हाला कधीपासनं ठाऊक आहे?

"त्याच सकाळपासनं. डोकं दुखणारी बाई नव्या साडीच्या निऱ्या तीनदा घालत बसत न्हाई, धाकटे."

नात माझ्याकडे बघत होती. मग मी सांगितलं. साडी, कपाळ, बैलगाडी, सगळं. थोरलीनं मध्ये फक्त एकदा अडवलं. बांध नव्हता, ओढ्याची उतरण होती, म्हणाली. तेही मला चुकीचं आठवत होतं. माफ करा हे शब्द त्यात नव्हते, आणि तिनंही ते मागितले नाहीत. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

नात हळूच म्हणाली, "मोठी आज्जी, मी काढून टाकते तिला."

"काढू नको. फकस्त तिच्या डोक्यावर मडकं दे. बिनमडक्याची ती वाटेत कशाला हिंडंल?"

नांदेडला परत आलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी पोरी जमल्या. मडकं नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर पाण्यानं भरलेली स्टीलची कळशी ठेवली. या खेपेला डावा पाय ओढायचा होता. दारापासून खिडकीपर्यंत आठ पावलंसुद्धा नाहीत, पण चौथ्या पावलाला पाणी माझ्या खांद्यावर सांडलं. कुणी हसलं नाही. मोबाईल धरलेली पोरगी खाली बघत होती.

नातीनं माझा खांदा पुसला, कळशी पुन्हा भरून आणली आणि म्हणाली, राहू दे आज्जी, एवढ्यावर भागवते.

मी म्हटलं, ठेव डोक्यावर. आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिले.