मी म्हटलेलं आमेन

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. आमगावजवळ मिशनच्या आवारात आमची पाच-सहा ख्रिस्ती घरं होती. पाद्रीसाहेबाच्या हाताखालच्या उपदेशकाचं घर आमच्या शेजारीच. एका दुपारी त्याची बायको सुजलेलं तोंड घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्यानं मारलं होतं, आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. मी आंबेहळद उगाळून लावत होते.

ती म्हणाली, "बाई, आज मी पाद्रीसाहेबाले सांगतोच."

मीच तिचा हात धरला, काय सांगू! म्हटलं, "काऊन वो, साऱ्या गावाले हासवतेस का आपल्यावर? इहिरीवर घसरली म्हन, झालं."

बिचारीनं माझं ऐकलं.

रविवारी उपासनेत उपदेशक उभा राहिला. "माझी पत्नी विहिरीवर घसरली, पण प्रभूनं तिला राखलं. सगळे आमेन म्हणा," म्हणाला. थाप माझी, अन् त्यानं त्या थापेचीच प्रार्थना केली! ती माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. आणि मी? सगळ्या बायांपेक्षा मोठ्यानं आमेन म्हटलं.

मार थांबला नाही, भिंतीपलीकडून ऐकू यायचा. पण ती पुन्हा माझ्या दारी आली नाही. मीही गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?