वाकू नगा

या सदरात कुणाच्या मामाला ओढ्याकाठी पाठमोरी बाई दिसली की खाली "पुरावा?" एवढीच कमेंट टाकणारी जी आगाऊ मुलगी आहे ना... ती मीच. कॉलेजात होते तेव्हापासून पत्रकं वाटत आलेय. अंगात येणं, उतारे, करणी, सगळ्याविरुद्ध. जुन्नरच्या स्टँडवर एका भगताशी भर गर्दीत भांडलेय आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. त्यामुळे हे लिहिताना हात अडतोय. पण न लिहिता चैनही पडत नाही. तेव्हा जे झालं तेवढंच सांगते, मीठ-मसाला नाही.

आम्ही वारूळवाडीचे. घर नारायणगावला चिकटून, शेत येडगावच्या अंगाला. दादा टोमॅटोची पिकअप चालवतो, म्हणजे तो सतत रस्त्यावर. गोठा, गवत, खुरपणी सगळं वहिनीवर. आमच्या तुकड्याच्या तिन्ही अंगांना लोकांचा ऊस आहे. ऊस म्हटला की बिबट्या आलाच. त्यावर लिहावं असं मला कधी वाटलं नाही. बिबट्या हा टीव्हीवाल्यांचा विषय, आपला विषय व्यवस्था – असं माझं मत होतं.

ही पत्रकं काढणारी आमची संघटना फुटली. (पुढाऱ्यांना पदं हवी होती. दुसरं कारण कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.) पत्रकं बंद पडली, म्हणून मी ब्लॉग काढले. फुकटात मिळतात ते. एक नाही, तीन! 'थांबा नाही' हा हायवेवर न थांबणाऱ्या एसटीवर, 'गाळ' हा धरणाकाठी पडणाऱ्या कचऱ्यावर आणि 'भरती बंद' रखडलेल्या परीक्षांवर. चौथ्याचं नाव शोधत होते. हक्काची वाचक एकच – वहिनी. नवीन पोस्ट पडली की तिच्या फोनवर टुंग व्हायचं आणि ती हातातलं काम टाकून वाचायची.

"वन्सं, तुमच्या बलॉकला अंगठा दिलाय बरं का. पर ही 'प्रशासकीय उदासीनता' म्हंजी काय वो?"

"म्हणजे साहेबाला झोप लागलीय."

"मग तसं ल्ह्या की! लोकान्ला कळंल तरी."

दुसरा टीकाकार समीर. नारायणगावच्या बाजारात त्याच्या वडिलांचा छापखाना आहे. आमची सगळी पत्रकं तिथंच निघायची, तेव्हापासूनची दोस्ती.

"राव, तीन दुकानं टाकलीस आणि गिऱ्हाईक एक," तो म्हणायचा. "पत्रक आणायचीस तेव्हा एका पानात एकच मागणी असायची. कागदाला पैसे पडायचे ना! आता जागा फुकट मिळाली तर नुसती सांडत सुटलीस. एक काय ते धर."

"प्रश्न तीन आहेत तर ब्लॉग तीन."

"मग आधी तू तीन हो."

मला राग यायचा, कारण तो बरोबर बोलत होता आणि एक काय धरावं ते मला सापडत नव्हतं. सकाळी एसटी पेटायची डोक्यात, दुपारी कचरा. काहीच तडीला जात नव्हतं.

आता मुद्द्याचं. मी पोस्ट टाइप करत नाही, बोलते, फोन लिहितो. आणि फोन पक्का शहरी आहे. मी 'व्हतं' म्हणाले तरी तो 'होतं' करतो, 'न्हाई'चं 'नाही' करतो. वहिनीनं एकदा गंमत म्हणून "लई ऊन हाय" म्हटलं, तर त्यानं 'लढाई उन्हाळा आहे' असं काहीतरी लिहिलं. आमची बोली त्याला येतच नाही. हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा झालं ते पेठला. हायवेच्या कडेला बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्या, एसट्या नाकासमोरून सुसाट. तिथंच मी पोस्ट बोलले. शेवटची ओळ होती, "प्रवाशांनो, आता बोला." स्क्रीनवर बघते तर तिच्यापुढे आणखी दोन शब्द – 'वाकू नगा.'

मी हे बोलले नव्हते. वाटलं, गर्दीत कुणीतरी कुणाला म्हणालं असेल. पण घोषणा झकास होती! 'नगा'चं 'नका' केलं (पत्रकाची भाषा शुद्ध पाहिजे, ही आमची शिस्त) आणि पोस्ट टाकून दिली.

मग येडगावला. धरणाच्या काठावर मी एकटी. लांब एक होडी, बाकी चिटपाखरू नाही. कचऱ्यावर बोलले, आणि शेवटी पुन्हा... 'वाकू नगा.' पुन्हा 'नका' केलं. पण ह्या वेळी मागे वळून बघितलं, हे कबूल करते.

त्यानंतर ते यायचंच. घरात दार लावून बोलले तरी. रोज नाही, पण आलं की शेवटीच. मला ते डाचायला लागलं. कोण बोलतंय माझ्या तोंडून? एकदा दादाच्या फोनवर माझा आवाज रेकॉर्ड केला आणि त्याच वेळी माझ्या फोनला मजकूर सांगितला. फोननं 'वाकू नगा' लिहिलं. रेकॉर्डिंगमध्ये ते शब्द नाहीत. फक्त एक गोष्ट आहे – माझं शेवटचं वाक्य संपल्यावर मी लगेच बटण बंद करत नाही. जरा थांबते. कुणाचं बोलणं संपायची वाट बघावी, तशी.

मी तशी थांबले होते हे मला आठवत नाही.

शेवटी एका सकाळी फोन घेऊन समीरच्या छापखान्यात गेले. म्हटलं, तुझ्यासमोर दाखवते. भरतीवरची पोस्ट बोलले. आणि आलं! त्याच्या डोळ्यांदेखत.

समीर हसायला लागला. "फोन तुझ्या संघटनेत गेला राव. वर्गणी फाड त्याची."

"हसू नकोस."

"अगं, राहू दे ते. तुझ्यापेक्षा बरं लिहितोय."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या लेखात माझंच वाक्य पाहिजे," म्हणाले आणि ते दोन्ही शब्द खोडून टाकले. समीर बघत होता. मग पोस्ट टाकली. आम्ही दोघांनी ती उघडून बघितली – कुठंच 'वाकू' नव्हतं.

चहा सांगितला होता. तो यायच्या आत शेजारच्या शेतातल्या तात्यांचा फोन आला. "पोरी, रानात ये. तुझी वहिनी..." आणि मागे बायकांचा आरडाओरडा.

समीरनं गाडी काढली. त्या रस्त्यावर माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

वहिनी बांधावर बसली होती. शाबूत. सगळ्या बाया तिच्याभोवती. तांब्या तोंडाला लावत होती, पण अर्धं पाणी पदरावर सांडत होतं. विळा उसाच्या कडेला तसाच पडलेला.

"वन्सं," मला बघून म्हणाली, "तुमीच वाचीवलं बघा."

"मी? मी काय केलं?"

"गवत कापत व्हते. उसाकडं तोंड, पार खाली वाकल्याली. कमरंला फोन वाजला, टुंग. म्हनलं नंतर बघू. पर काय वाटलं, काढला. तर तुमचं आल्यालं – वाकू नगा. मला हासू आलं. म्हनलं, हितं गवत कोन तुमचा बाप कापंल? आन् हासत हासत उठून हुबी ऱ्हायले..."

तात्यांनी बोट दाखवलं. गवतापासून दोन ढांगांवर उसाची पाती दबलेली, आणि मऊ मातीत पंजांचे ठसे. बिबट्या तिथंच बसलेला होता. ती उभी राहिली तशी दोघांची नजरानजर झाली. मग तो वळला आणि आत गेला.

"वाकलेलं मानूस त्याला शेरडावानी दिसतं," तात्या म्हणाले. "हुबी ऱ्हायली म्हून वाचली."

मी वहिनीला म्हटलं, "ते 'वाकू नका' मागच्या पोस्टमधलं असेल. आजच्यात नाहीये."

"न्हाई वो. 'नका' न्हवतं," ती लगेच म्हणाली. "मागं समद्यात तुमी 'नका' ल्हिलं. आज 'नगा' ल्हिलं. त्याचंच तर हासू आलं! म्हनलं, आमच्या वन्सं सुदारल्या, आपल्यावानी बोलाया लागल्या."

मी समीरकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. 'नगा' हा शब्द आम्हा दोघांशिवाय कुणीही बघितलेला नव्हता. प्रत्येक वेळी मीच तो बदलला होता.

वहिनीनं फोन उघडून दिला. पोस्ट होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच वाक्य, माझाच शब्द. ती वर-खाली सरकवत राहिली. "आत्ता तर व्हतं की हितं..."

आता तुम्ही म्हणाल, भीतीनं तिला भास झाला. पण ती वाचून हसली तेव्हा घाबरलेलीच नव्हती. बिबट्या नंतर दिसला. फोन बिघडला म्हणाल, तर दुकानात दाखवला, ठीक आहे म्हणाले. 'पुरावा?' असं तुम्ही खाली लिहाल. लिहा. माझ्याकडे नाही.

तीनही ब्लॉग बंद केले. आता एकच आहे, त्यात एकच विषय. आमच्याकडे बिबट्यासाठी वनखात्याचे बोर्ड लागतात – 'शेतात वाकून काम करताना काळजी घ्या'. गवत काय उभ्यानं कापायचं? उसाला लागून आणि कंबर वाकलेली, अशी कोण असते रोज? बायका. मग लांब दांड्याची अवजारं द्या, राखणीला माणूस द्या, घर आणि उसाच्या मध्ये मोकळी पट्टी सक्तीची करा. एवढंच लिहिते, पुन्हा पुन्हा. आता आजूबाजूच्या गावांतल्या बायका वाचतात. वहिनी खुरपायला एकटी जात नाही.

ब्लॉगचं नाव 'वाकू नगा'. त्या दिवसानंतर ते शब्द आपोआप एकदाही आले नाहीत. मी मुद्दाम फोनसमोर बोलून बघते – हळू, मोठ्यानं, वहिनीच्या आवाजातसुद्धा. तो 'नका'च लिहितो. 'नगा' दरवेळी मला बोटानं टाइप करावं लागतं.